बास्क प्रदेशात बस आणि रेल्वेने फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनी, नेदरलँड्स, इंग्लंडमध्ये राहणारी मराठी मंडळी आणि पुण्या-मुंबईहून शेंगेन व्हिसा काढून येणारे, दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो: गाडी भाड्याने न घेता बास्क प्रदेश बघता येतो का? येतो, आणि चांगला बघता येतो. फक्त इथल्या वाहतुकीचे काही स्वभाव आधी ओळखून घ्यावे लागतात. वेळापत्रकं ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून इथे मिनिटांचे हिशेब कमी आणि खाचाखोचा जास्त आहेत.

बास्क प्रदेश म्हणजे नेमका कुठला भाग धरायचा?

स्पेनमधल्या स्वायत्त बास्क प्रांतात तीन जिल्हे येतात: बिस्काया (मुख्य शहर बिल्बाओ), गिपुस्कोआ (डोनोस्तिया, म्हणजेच सान सेबास्तियान) आणि आराबा (व्हितोरिया-गास्तेइस). शेजारचा नाव्हारा, ज्याची राजधानी पाम्पलोना, प्रशासनाच्या दृष्टीने वेगळा आहे. सीमेपलीकडे फ्रान्समध्ये बायोन, बिआरित्झ, सें-जाँ-द-ल्यूझ ही गावं. प्रवाशाने हे लक्षात ठेवायचं कारण अगदी व्यावहारिक आहे. जिल्हा बदलला की बसचा रंग आणि कंपनी बदलते, आणि नाव्हारात किंवा फ्रान्समध्ये शिरलात की बस-रेल्वेचं खिशातलं कार्डही चालेनासं होतं.

फलकावर एकाच गावाची दोन-दोन नावं दिसतात. तिकीट कुठल्या नावाने शोधायचं?

दोन्ही नावांनी शोधा. बिल्बो म्हणजे बिल्बाओ, डोनोस्तिया म्हणजे सान सेबास्तियान, गास्तेइस म्हणजे व्हितोरिया, इरुन्या म्हणजे पाम्पलोना, बायोना म्हणजे बायोन. सगळ्यात जास्त घोळ दोन गावांत होतो: दोनिबाने लोइसुने म्हणजे समुद्रकाठचं सें-जाँ-द-ल्यूझ, आणि दोनिबाने गारासी म्हणजे डोंगरातलं सें-जाँ-पिये-द-पोर. दोन्ही फ्रान्समध्येच आहेत, पण एकमेकांपासून बरीच लांब. तिकीट काढण्यापूर्वी नाव शेवटपर्यंत वाचा.

बिल्बाओहून डोनोस्तियाला बसने जावं की रेल्वेने?

घाई असेल तर बस. महामार्गाने जाणारी बस साधारण सव्वा तासात पोहोचवते आणि दिवसभर भरपूर फेऱ्या असतात. रेल्वेला याच प्रवासाला अडीच तासांहून जास्त लागतात. युरोपात रेल्वे म्हणजे वेगवान असं गृहीत धरून आलेल्यांना हे खरं वाटत नाही आणि ते नकाशावर दुसरा मार्ग शोधत बसतात. दुसरा मार्ग नाही.

कारण असं की या दोन शहरांना थेट जोडणारी रेल्वे राष्ट्रीय कंपनी रेन्फेची नसून बास्क सरकारच्या एउस्कोत्रेनची आहे, आणि तिचे रूळ मीटरगेज आहेत. हा मार्ग गावोगावच्या कारखान्यांना आणि बंदरांना जोडत, दऱ्याखोऱ्यांतून वळणं घेत तयार झाला. दुरांगो, एइबार, देबा, सुमाया, साराउत्स अशी गावं घेत गाडी जाते. एइबारच्या आसपास अरुंद दरीत इमारती आणि कारखाने एकमेकांना चिकटून उभे दिसतात, आणि देबाला अचानक समुद्र समोर येतो.

म्हणून माझं मत असं: एकदा तरी रेल्वेने जा, पण ‘पोहोचण्यासाठी’ नको. सकाळी बिल्बाओहून निघा, सुमायाला उतरून समुद्रकड्यातले खडकांचे उभे थर बघा, साराउत्सला जेवा आणि संध्याकाळी डोनोस्तियाला पोहोचा. सामान मोठं असेल तर मात्र सरळ बस धरा.

मग तीन राजधान्या जोडणाऱ्या वेगवान रेल्वेचं काय झालं?

तिला ‘बास्क वाय’ म्हणतात, कारण बिल्बाओ, व्हितोरिया आणि डोनोस्तियाकडून येणाऱ्या तीन फाट्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा होतो. बांधकाम 2006 मध्ये सुरू झालं. डोंगराळ भागामुळे बराचसा मार्ग बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो, आणि उद्घाटनाच्या तारखा वारंवार पुढे गेल्या आहेत. सहलीचं नियोजन तिच्या भरवशावर करू नका.

बिल्बाओत नेमक्या कुठल्या स्थानकावर जायचं?

हा खरा कळीचा प्रश्न. बिल्बाओत ‘रेल्वे स्टेशनला न्या’ एवढंच सांगितलंत तर टॅक्सीवाला तुम्हाला बहुधा आबांदोला सोडेल, आणि तुमची गाडी भलतीकडून सुटत असेल.

आबांदो हे रेन्फेचं मोठं स्थानक. माद्रिद आणि बार्सेलोनाच्या गाड्या आणि उपनगरी सेवा इथून सुटतात. आतली भलीमोठी रंगीत काचेची खिडकी मान वर करून बघा. तिच्यात शेती, कारखाने, खेळ, गाड्या असं इथलं सगळं जगणं मांडलंय. अगदी जवळ, नदीच्या बाजूला, हिरव्या-पिवळ्या सजावटीचं ला कोंकोर्दिया हे देखणं स्थानक आहे. तिथून सांतांदेरकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी सुटते. तिला सांतांदेरला पोहोचायला तीन तासांच्या आसपास लागतात, बसला त्याच्या निम्म्याहून कमी.

एउस्कोत्रेनच्या डोनोस्तिया आणि बेर्मेओच्या गाड्या या दोन्ही ठिकाणी येत नाहीत. त्या माटिकोहून सुटतात आणि जुन्या शहराखालच्या सास्पिकालेआक स्थानकात थांबतात. त्याच ठिकाणी मेट्रोही आहे. जुन्या माहितीपत्रकांत किंवा ब्लॉगांवर ‘आत्सुरीहून गाडी पकडा’ असं लिहिलेलं सापडेल. ते 2019 च्या आधीचं आहे. आत्सुरीला आता ट्राम जाते.

लांब पल्ल्याच्या बसचं स्थानक सान मामेसला, फुटबॉलच्या मैदानाशेजारी, जमिनीखाली आहे. त्याचं अधिकृत नाव बिल्बाओ इंटरमोडाल, पण लोक अजून टर्मीबसच म्हणतात. मेट्रो, ट्राम आणि उपनगरी रेल्वे तिन्ही तिथे भेटतात, त्यामुळे शहरात कुठेही राहिलात तरी अडचण नाही.

आणि डोनोस्तियात?

तिथे सोपं आहे. रेन्फेचं स्थानक आणि जमिनीखालचं बसस्थानक उरुमेआ नदीच्या एकाच काठावर, शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्या बाजूलाच जुना तंबाखूचा कारखाना, म्हणजे आताचं ताबाकालेरा सांस्कृतिक केंद्र. एउस्कोत्रेनचं आमारा स्थानक मात्र नदीपलीकडे, चालत दहा-पंधरा मिनिटांवर. बसमधून उतरून फ्रान्सची गाडी पकडायची असेल तर एवढं अंतर हिशेबात धरा.

बिल्बाओ विमानतळावरून शहरात कसं यायचं?

भारतातून बिल्बाओला थेट विमान नाही. माद्रिद, पॅरिस, फ्रँकफर्ट अशा ठिकाणी बदलून यावं लागतं. विमानतळाबाहेर आलात की ए3247 क्रमांकाची बिस्कायबसची, म्हणजे बिस्काया जिल्ह्याच्या बससेवेची, बस उभी असते. ती शहराच्या मध्यातून टर्मीबसपर्यंत जाते आणि फेऱ्या जवळजवळ असतात. डोनोस्तियाला जायचं असेल तर बिल्बाओ शहरात यायची गरजच नाही, विमानतळावरून थेट बस मिळते. हे माहीत नसल्याने पुष्कळ जण उगाच शहरात येऊन पुन्हा बाहेर पडतात.

बारिक, मुगी, बात: कुठलं कार्ड घ्यायचं?

ही पैसे भरून वापरायची प्रवासाची कार्डं: बारिक बिस्कायाचं, मुगी गिपुस्कोआचं, बात आराबाचं. आता ती एकमेकांच्या जिल्ह्यांत चालतात, त्यामुळे जिथे उतरलात तिथलं घ्या आणि त्यावरच फिरा. बारिक बिल्बाओच्या मेट्रो स्थानकांतल्या यंत्रांवर मिळतं. थोडी रक्कम कार्डाची, बाकी प्रवासासाठी भरायची. सुट्या तिकिटापेक्षा कार्डावरचं भाडं बरंच कमी पडतं, म्हणून दोन दिवस राहणार असाल तरी ते परवडतं.

नाव नसलेलं बारिक कार्ड एकापेक्षा जास्त जणांना वापरता येतं. चौघांचं कुटुंब असेल तर प्रत्येकामागे एकदा यंत्राला लावायचं. मेट्रोत आणि एउस्कोत्रेनमध्ये बाहेर पडतानाही ते तितक्याच वेळा लावायचं, हे विसरू नका. मेट्रो, ट्राम, बिस्कायबस, आर्त्सांदाची डोंगरगाडी आणि पोर्तुगालेतेचा झुलता पूल, सगळीकडे ते चालतं. रेन्फेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. डोनोस्तियाची इगेल्दोची डोंगरगाडी खासगी आहे, तिचं तिकीट वेगळं काढा.

या झुलत्या पुलाबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. 1893 मध्ये बांधलेल्या या पुलावरून माणसं आणि मोटारी एका टांगत्या डब्यात बसून नदी ओलांडतात. या प्रकारचा तो जगातला पहिला पूल, आणि 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. मेट्रोने आरेएताला उतरा, पुलाने पलीकडे जा आणि पोर्तुगालेतेहून मेट्रोने परत या. कमी पैशांत इतकी मजा बिल्बाओत दुसरीकडे नाही.

कुठली ठिकाणं रेल्वेनेच बघावीत?

बेर्मेओचा फाटा. बिल्बाओहून निघालेली गाडी गेर्निकाला थांबते आणि पुढे उर्दायबाईच्या खाडीकाठाने मुंडाका, बेर्मेओपर्यंत जाते. खिडकीतून भरती-ओहोटीची वाळू आणि पाणपक्षी दिसतात. स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निकावर 26 एप्रिल 1937 ला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी बॉम्बफेक झाली. आजही सोमवारी तिथे बाजार भरतो. बाजार बघायचा असेल तर सोमवार धरा. संग्रहालय बघायचं असेल तर आधी वेळ तपासा, कारण युरोपात सोमवारी बऱ्याच संग्रहालयांना सुट्टी असते. बास्क लोकांच्या सभा जिथे भरत त्या ओकवृक्षाची जागा स्थानकापासून चालत जाण्याजोगी आहे.

दुसरी म्हणजे रेन्फेची डोनोस्तियाची उपनगरी गाडी. पर्यटक तिच्याकडे बघत नाहीत, पण रेल्वेवेड्यांनी बेआसाइनपर्यंत जावं. स्थानकाला लागूनच काफ या कंपनीचा डबे बनवणारा कारखाना आहे. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचे डबे याच कंपनीचे.

रेल्वे नसलेली गावं कशी गाठायची?

गेतारिया: साराउत्सपर्यंत गाडी, पुढे बस. किंवा समुद्राच्या कडेने साधारण चार किलोमीटर चालत. हवा बरी असेल तर चालाच.

लेकेइतिओ: बिल्बाओहून किंवा गेर्निकाहून बिस्कायबस.

गास्तेलुगात्से: समुद्रातल्या खडकावरचं ते देऊळ, 241 पायऱ्यांचं. बाकिओच्या बाजूने बस जाते, पण थांब्यापासून तीव्र उतार आणि परत येताना तितकीच चढण. आई-वडील सोबत असतील तर वरच्या रस्त्यावरूनच दर्शन घ्या, तिथूनही खडक आणि पायऱ्या छान दिसतात. हंगामात आधी मोफत आरक्षण करावं लागतं.

लागुआर्दिया: व्हितोरियाहून बस. हा द्राक्षमळ्यांचा भाग. फेऱ्या कमी, म्हणून परतीची बस आधी बघा, मग वारुणीच्या तळघरात शिरा.

फ्रान्समध्ये कसं जायचं? पासपोर्ट लागतो का?

डोनोस्तियाच्या आमारा स्थानकातून ‘टोपो’ पकडा. ही एउस्कोत्रेनचीच गाडी. दर अर्ध्या तासाला सुटते, बरीचशी बोगद्यांतून जाते, इरुन घेऊन सीमा ओलांडते आणि हेंदायाला फ्रेंच रेल्वेस्थानकाच्या दारातच थांबते. एकूण चाळीसेक मिनिटांचा प्रवास. तिथून फ्रेंच गाडीने सें-जाँ-द-ल्यूझ, बिआरित्झ, बायोन.

एकच गाडी पुढे का जात नाही? स्पेनचे मुख्य रूळ 1668 मिलिमीटरचे, फ्रान्सचे 1435 चे आणि टोपोचे 1000 चे. इरुन-हेंदायाच्या दोन-तीन किलोमीटरांत तीन मापं एकत्र येतात, म्हणून उतरावं लागतंच. पॅरिसहून येणाऱ्यांसाठी हाच मार्ग उत्तम: मोंपार्नासहून वेगवान गाडी पाच तासांच्या आत हेंदायाला आणते, पुढे टोपो.

पासपोर्ट जवळ ठेवाच. शेंगेनमध्ये सीमा खुली असली तरी फ्रेंच पोलीस इथे वरचेवर गाडीत आणि स्थानकावर तपासणी करतात. मोबाइलमधला फोटो पुरेसा धरू नका. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्यांनी मूळ पासपोर्ट, आणि युरोपात राहणाऱ्यांनी निवास परवानाही सोबत बाळगावा. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी या सीमेने काही बिघडत नाही, कारण दोन्ही देश शेंगेनमध्येच आहेत.

हौस म्हणून दुसरा मार्गही आहे: ओंदारिबियाहून छोटी होडी खाडी ओलांडून हेंदायाला नेते.

लारुन डोंगरावरची दातेरी रुळांची गाडी बसने गाठता येते का?

येते. सें-जाँ-द-ल्यूझहून सार या गावाच्या दिशेने जाणारी बस पायथ्याच्या खिंडीत सोडते. 1924 पासून चालणारी ही गाडी 905 मीटर उंचीच्या माथ्यावर नेते. हिवाळ्यात बंद असते. वर ढग असतील तर पैसे वाया, म्हणून सकाळी आकाश बघूनच ठरवा.

आम्ही गोव्याचे. सेंट फ्रान्सिस झेवियरचं जन्मस्थान बसने बघता येईल का?

हा प्रश्न गोवा आणि वसईकडून नेमाने येतो. गोंयचो सायब ज्या किल्ल्यात 1506 मध्ये जन्मला, तो हाविएरचा किल्ला नाव्हारात, पाम्पलोनाहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. रेल्वे नाही. पाम्पलोनाहून सांग्वेसाच्या दिशेने बस जाते, पण फेऱ्या इतक्या मोजक्या असतात की जायची बस ठरवण्याआधी यायची ठरवावी लागते. सांग्वेसाला उतरलात तर पुढे सातेक किलोमीटर राहतात. तेवढ्यासाठी टॅक्सी बोलवायची तयारी ठेवा. रविवारी जाण्याच्या फंदात पडू नका. मार्चमध्ये हजारो लोक तिथे चालत यात्रेला जातात. त्या दिवसांत गर्दी मोठी, पण वातावरण वारीची आठवण करून देणारं.

झेवियरचा सहकारी इग्नेशियस लोयोलाचा, म्हणजे गिपुस्कोआतल्या आस्पेइतियाजवळचा. त्याचा जन्म 1491 चा. तिथे जाणं खूप सोपं: डोनोस्तियाहून किंवा सुमाया-साराउत्सच्या बाजूने लुराल्देबसच्या, म्हणजे गिपुस्कोआच्या जिल्हा बससेवेच्या, बस आस्पेइतियाला जातात. पूर्वी इथे उरोला दरीतली विजेवरची रेल्वे होती. ती 1926 मध्ये सुरू झाली आणि 1986 मध्ये बंद पडली. तिच्या आस्पेइतिया स्थानकात आता बास्क रेल्वे संग्रहालय आहे आणि हंगामात तिथून वाफेच्या इंजिनाची छोटी फेरीही निघते. लोयोला आणि संग्रहालय एका दिवसात आरामात होतं. दोन्ही संतांची ठिकाणं एकाच दिवसात उरकायचा बेत मात्र बसच्या जोरावर जमत नाही.

व्हितोरिया आणि पाम्पलोनाला रेल्वेने जावं का?

बिल्बाओ ते व्हितोरिया बसच. तासाभरात पोहोचते आणि व्हितोरियाच्या बसस्थानकासमोरून ट्राम मिळते. रेल्वेने जायचं तर मिरांदा दे एब्रोला वळसा घालून गाडी बदलावी लागते. डोनोस्तिया ते व्हितोरिया मात्र थेट रेल्वे आहे आणि मार्ग डोंगरातला, सुंदर. पाम्पलोनाचं रेल्वेस्थानक शहरापासून बाजूला आहे, तर बसस्थानक ऐन मध्यात किल्ल्याजवळ. त्यामुळे तिथेही बसच सोयीची.

वेळापत्रकात रविवारची बस होती, तरी आली नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा तक्ता चुकीचा वाचलेला असतो. स्पॅनिशमध्ये ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस, ‘साबादोस’ शनिवार, ‘फेस्तिवोस’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. बास्कमध्ये अनुक्रमे ‘लानेगुनाक’, ‘लारुनबाता’ आणि ‘इगांदे’ किंवा ‘जायेगुन’. मधल्या वारी सुट्टी आली की त्या दिवशी सुट्टीचा तक्ता लागू होतो, आणि गावोगावी स्थानिक सुट्ट्या वेगळ्या असतात. ईस्टरनंतरचा सोमवारही इथे सुट्टीचा. ऑगस्टमध्ये पुष्कळ बसचा तक्ता वेगळाच निघतो.

एसटीच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीवर विचारायची जी सवय आपल्याला असते, ती इथेही उपयोगी पडते. खिडकी नसेल तर चालकाला परतीची शेवटची बस विचारून घ्या.

सणांच्या काळात काय काळजी घ्यावी?

पाम्पलोनाचा सान फेर्मिन उत्सव 6 ते 14 जुलै. बैलांची धाव 7 जुलैपासून सकाळी आठला, म्हणजे आदल्या रात्रीच पोहोचायला हवं किंवा पहाटेची जादा बस धरायला हवी. डोनोस्तियाचा ‘मोठा आठवडा’, म्हणजे शहराचा वार्षिक उत्सव, 15 ऑगस्टच्या सुमारास, आणि बिल्बाओचा लगेच त्यामागून. या दिवसांत शहरांमधल्या बसचं आरक्षण आधी करा. एउस्कोत्रेनमध्ये आरक्षण नसतंच, जागा मिळेल तिथे बसायचं किंवा उभं राहायचं.

जानेवारी ते एप्रिल हा डोनोस्तियाजवळच्या आस्तिगारागा, एर्नानीतल्या सायडरघरांचा हंगाम (सायडर म्हणजे सफरचंदाची दारू). तिथे पिंपातून थेट पेल्यात सायडर घ्यायची रीत आहे, त्यामुळे गाडी चालवत जाणं नकोच. बस जवळ आहे.

युरेल पास घ्यावा का?

युरेल म्हणजे युरोपभरच्या रेल्वेसाठीचा पास. फक्त बास्क प्रदेशासाठी, नको. अंतरं लहान, तिकिटं स्वस्त, आणि निम्मा प्रवास बसचा. पॅरिस किंवा बार्सेलोनाहून मोठा फेरा करत येणार असाल तर त्या प्रवासाचा हिशेब करून ठरवा.

मुक्काम किती ठिकाणी करावा?

दोन ठिकाणी: बिल्बाओ आणि डोनोस्तिया. बिल्बाओतून गेर्निका, बेर्मेओ, व्हितोरिया, लेकेइतिओ. डोनोस्तियातून साराउत्स, गेतारिया, लोयोला, हेंदाया, पाम्पलोना. रोज गाव बदलणाऱ्यांचा निम्मा वेळ बॅगा ओढण्यात जातो. फ्रेंच बाजूला निवांत राहायचं असेल तर तिसरा मुक्काम बायोनला करा, बिआरित्झपेक्षा तिथून रेल्वेच्या वाटा जास्त फुटतात. सें-जाँ-पिये-द-पोरची छोटी गाडी बायोनहूनच सुटते आणि तासाभरात डोंगरात नेते. तिच्यात पाठीवर शिंपला लटकवलेले, सान्तियागोच्या पदयात्रेचे यात्रेकरू भेटतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायी स्पेनकडे निघतात.

सामान कुठे ठेवायचं?

बिल्बाओ आणि डोनोस्तियाच्या बसस्थानकांत सामान ठेवायची सोय आहे. लहान गावांत ती गृहीत धरू नका. सुमायासारख्या ठिकाणी बॅग घेऊन उतरलात तर समुद्रकिनाऱ्यावरही ती ओढतच न्यावी लागेल.

रात्री उशिरा परत येता येतं का?

बिल्बाओच्या मेट्रोच्या हद्दीत असाल तर शनिवारी रात्री निर्धास्त राहा, त्या रात्री मेट्रो पहाटेपर्यंत चालू असते. प्लेंत्सियाच्या किनाऱ्यावरूनही परतता येतं. मेट्रो नसलेल्या किनाऱ्यावरच्या गावांत मात्र शेवटची बस संध्याकाळीच निघून जाते, आणि रविवारी त्याहून आधी.